डॅक-स्ट्रीमर घेण्याआधी पुढच्या अपग्रेडचा मार्ग तपासून घ्या: सांगली-मिरजेच्या नवख्या श्रोत्यांसाठी

गेल्या दिवाळीपासून तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला. मिरजेचे एक डॉक्टर, कुपवाडला कारखाना असलेला एक मित्र आणि नुकताच नोकरीला लागलेला माझा भाचा. प्रश्न असा: "चांगला डॅक घ्यायचाय, पण सहा महिन्यांत नवं मॉडेल आलं तर पैसे पाण्यात जातील का?" प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो. डॅक म्हणजे डिजिटल गाण्यातल्या आकड्यांचं ऐकता येईल अशा अ‍ॅनालॉग संकेतात रूपांतर करणारं यंत्र आणि स्ट्रीमर म्हणजे नेटवरून गाणं आणून त्याला देणारं.

२०१८ साली मी पुण्याहून एक यंत्र आणलं. स्ट्रीमर, डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायर, सगळं एकाच पेटीत. किंमत दीड लाखाच्या आसपास. पाचव्या वर्षी फोन बदलला आणि नव्या फोनवर त्या पेटीचं अ‍ॅप चालेना. कंपनीनं ते मॉडेल तोवर यादीतून काढून टाकलं होतं. अ‍ॅम्प ठणठणीत, डॅक ठणठणीत, पण गाणं आत पोचवणारा इवलासा बोर्ड निकामी. दोन महिने पेटी कापडाखाली झाकून ठेवली होती. मग मागच्या बाजूला एक ऑप्टिकल सॉकेट (प्रकाशाच्या केबलनं डिजिटल गाणं आत घेणारं) आहे हे लक्षात आलं. डिजिटल आउटपुटचं कार्ड बसवलेला रास्पबेरी पाय हा छोटा, स्वस्त संगणक त्याला जोडला आणि पेटी पुन्हा गाऊ लागली. आजही तीच चालू आहे. हा लेख त्या एका सॉकेटमुळे सुचला.

१. पेटीतल्या भागांची वयं आधी समजून घ्या

महाग ऑडिओ यंत्रात वेगवेगळ्या आयुष्याचे भाग एकत्र राहतात. ट्रान्सफॉर्मर, धातूची पेटी आणि अ‍ॅनालॉग सर्किट वीस वर्षं आरामात जातात, फार तर मध्ये एकदा कपॅसिटर बदलावे लागतात. डॅकचा भागही लवकर शिळा होत नाही. सीडी १९८२ साली आली तेव्हा ठरलेलं १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झचं माप आजही बहुतेक संगीताला पुरतं. सगळ्यांत आधी म्हातारा होतो तो स्ट्रीमिंगचा भाग: वाय-फाय, अ‍ॅप, गाण्याच्या सेवांशी बोलणारं सॉफ्टवेअर. त्याला मी चार ते सहा वर्षं धरतो.

याची दोन उदाहरणं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. गुगलचं क्रोमकास्ट ऑडिओ हे छोटं स्ट्रीमिंग यंत्र २०१५ साली आलं आणि २०१९ च्या सुरुवातीला बंद झालं. लोक ते वापरतच राहिले. मार्च २०२५ मध्ये आतल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि घरोघरची ती यंत्रं एकाच दिवशी अडली. काही दिवसांनी गुगलनं दुरुस्ती पाठवली म्हणून वाचली. उलट लॉजिटेकनं स्क्वीझबॉक्स ही स्ट्रीमरची मालिका २०१२ साली बंद केली, पण तिचं सर्व्हर सॉफ्टवेअर मुक्तस्रोत होतं. लोकांनी ते सांभाळलं, आज ते लिरियन म्युझिक सर्व्हर या नावानं चालतं आणि जुने स्क्वीझबॉक्स अजून वाजतात.

म्हणून माझा आग्रह एवढाच: लवकर म्हातारा होणारा भाग आणि टिकणारा भाग वेगवेगळ्या पेट्यांत घ्या. एकाच पेटीत घ्यायचे असतील, तर लवकर जाणारा भाग बाहेर काढता येतो का किंवा त्याला वळसा घालता येतो का, हे आधी बघा.

२. घरातल्या साखळीचा ताळा करा

एक कागद घ्या आणि लिहा: काय ऐकता, कशावरून ऐकता, अ‍ॅम्प कुठला, स्पीकर कुठले, खोली केवढी. हा कागद भरल्याशिवाय दुकानात फोन करू नका.

आपल्याकडे बहुतेक हॉल म्हणजे वर स्लॅब, खाली टाइल्स, तीन भिंती उघड्या आणि एका बाजूला काचेची खिडकी. टाळी वाजवून बघा. टाळीनंतर झणकार ऐकू आला, तर पाच लाखांचा डॅकसुद्धा त्या झणकारातूनच ऐकावा लागणार. जाड सतरंजी, पुस्तकांचं कपाट, खिडकीला जाड पडदा आणि स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, एवढं करून पुन्हा ऐका. माझ्या विश्रामबागच्या घरात या बदलानं जे झालं, ते कुठल्याच डॅकनं केलेलं नाही.

दुसरी गोष्ट ध्वनिमुद्रणाची. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर जीव असेल (मिरजेच्या आसपास राहणाऱ्याचा असतोच), तर तीन-साडेतीन मिनिटांची ती मोनो मुद्रणं २४ बिट १९२ किलोहर्ट्झमध्ये वाजवून त्यात नवं काही सापडत नाही. तिथे स्पीकरचा मधला स्वर स्वच्छ हवा. मोठ्या आकड्यांचा विचार अलीकडच्या चांगल्या मुद्रणांसाठी करा.

३. कंपनी अपग्रेड कुठल्या वाटेनं देते ते शोधा

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या. मला चार वाटा दिसतात.

पहिली वाट सॉफ्टवेअरची. काही डॅकमध्ये तयार चिपऐवजी एफपीजीए असतो, म्हणजे पुन्हा पुन्हा नव्यानं लिहिता येणारी चिप. पीएस ऑडिओचा डायरेक्टस्ट्रीम २०१४ साली आला. त्याला पुढे बरीच वर्षं मोफत अपडेट मिळाली, त्यांना कोलोरॅडोतल्या शिखरांची नावं दिलेली असत. पेटी तीच, आवाज घडवणारं गणित नवं. हे मनापासून आवडण्यासारखं आहे. मात्र अपडेट आपलं आपल्याला घालता येतं का ते विचारा. पेन ड्राइव्ह किंवा मेमरी कार्डवरून घालता आलं तर उत्तम. अपडेट फक्त कंपनीच्या सर्व्हरवरून येत असेल, तर सर्व्हर बंद झाला की वाटही बंद.

दुसरी वाट कारखान्याची. इंग्लंडच्या डीसीएस कंपनीनं २०१२ साली विवाल्डी आणला आणि २०२२ मध्ये त्यांच्या रिंग डॅकची एपेक्स ही सुधारित आवृत्ती काढली. जुन्या ग्राहकांना आतला बोर्ड बदलून घ्यायची सोय दिली. दहा वर्षांनी जुनी पेटी नव्याच्या बरोबरीला येते, ही मोठी गोष्ट. पण सांगलीत बसलेल्या माणसासाठी याचा अर्थ असा की जड पेटी आधी मुंबईच्या विक्रेत्याकडे जाणार आणि काम भारतात होत नसेल तर परदेशात. भाडं, विमा, कस्टम आणि कित्येक आठवड्यांची शांतता हिशेबात धरा.

तिसरी वाट कार्डांची. एनएडीच्या काही अ‍ॅम्पमध्ये मागे खाच असते, तिच्यात स्ट्रीमिंगचं किंवा एचडीएमआयचं कार्ड बसतं. शीटचा बायफ्रॉस्ट डॅक २०११ पासून याच कल्पनेवर आहे. लिनच्या सिलेक्ट मालिकेतही डॅकचा भाग वेगळा बदलता येतो. आपल्यासारख्या लांबच्या गावांना ही वाट सगळ्यांत सोयीची, कारण कुरियरनं पेटीऐवजी फक्त कार्ड येतं. सापळा एकच: खाचांच्याही पिढ्या असतात. जुन्या पिढीचं कार्ड नव्या खाचेत बसेल किंवा नवं कार्ड जुन्या पेटीत चालेल, असं गृहीत धरू नका. तुमच्या मॉडेलचा पूर्ण क्रमांक देऊन लेखी उत्तर घ्या.

चौथी वाट वेगळ्या पेट्यांची. कॉर्डचा डेव्ह हा डॅक २०१५ साली आला, २०१८ मध्ये त्यांनी एम स्केलर ही डिजिटल संकेतावर आधीच प्रक्रिया करणारी पेटी काढली. ती डेव्हच्या आधी जोडायची, डेव्ह उघडायचाही नाही. साधी आवृत्ती कुणालाही जमते: आज चांगला डॅक आणि स्वस्त स्ट्रीमर, तीन वर्षांनी फक्त स्ट्रीमर बदलायचा. नवख्या माणसाला मी हीच वाट सांगतो. भाच्यालाही हीच सांगितली.

४. जाहिरातीतल्या भविष्याची पारख करा

"फ्यूचर रेडी" हा शब्द दिसला की एमक्यूएची गोष्ट आठवा. एमक्यूए म्हणजे गाण्याच्या फाइलचा परवाना लागणारा एक फॉरमॅट. २०१४ साली हे तंत्र जाहीर झालं. पुढे कित्येक डॅकवर त्याचा शिक्का आला आणि तो नाही म्हणून लोकांनी चांगली यंत्रं नाकारली. एप्रिल २०२३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या लेनब्रूकनं तिचं तंत्रज्ञान विकत घेतलं आणि जुलै २०२४ मध्ये टायडल या गाण्याच्या सेवेनं एमक्यूए काढून फ्लॅक हा साधा फॉरमॅट सुरू केला. फ्लॅक मुक्त आहे, कुणाचा परवाना लागत नाही, म्हणून ते टिकलं. पुढची वीस वर्षं चालेल असं काही शोधत असाल, तर मुक्त फॉरमॅटकडे झुका.

चिपच्या नावावरून भांडणारेही भेटतील. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथल्या एकेएमच्या चिप कारखान्याला मोठी आग लागली. चिप मिळेनात, तेव्हा अनेक कंपन्यांनी आपले डॅक ईएसएस या दुसऱ्या कंपनीच्या चिपवर नव्यानं बेतले. मॉडेलचं नाव तेच, आत चिप दुसरी, असंही झालं. चिप हा डॅकचा एक छोटा भाग आहे. तिच्या भोवतीचा पॉवर सप्लाय आणि आउटपुटचं सर्किट कसं आहे, यावर बरंच ठरतं. सेकंडहँड घेताना मात्र पेटी आगीच्या आधीची की नंतरची हे विचारा, कारण दुरुस्तीसाठी नेमकी तीच चिप मिळायला हवी.

७६८ किलोहर्ट्झ, डीएसडी ५१२ हे आकडे नजरेआड करा. सीडीच्या दर्जाचा प्रवाह सेकंदाला १४११ किलोबिटचा, २४ बिट १९२ किलोहर्ट्झचा सुमारे ९.२ मेगाबिटचा. ऐकायला मिळणाऱ्या संगीतातला बहुतेक भाग यातच येतो. अ‍ॅपल म्युझिकनं २०२१ मध्ये लॉसलेस (दर्जा न घटवता दिलेलं गाणं) आणलं ते १९२ पर्यंत, स्पॉटिफायनं सप्टेंबर २०२५ मध्ये आणलं ते २४ बिट ४४.१ चं.

येत्या मॉडेलमध्ये खरोखर कामाचं काय आहे? माझ्या मते एचडीएमआय ईएआरसी, कारण टीव्हीचा आवाज एका केबलनं चांगल्या स्पीकरवर येतो आणि घरातल्या इतरांनाही यंत्र आपलं वाटतं. दुसरं, डिरॅकसारखी खोलीप्रमाणे आवाज जुळवणारी सोय. या दोन्हींसाठी थांबायला माझी हरकत नाही.

आणि हे पक्कं ठरवा: "पुढच्या अपडेटमध्ये येणार आहे" अशा सोयीसाठी आज पैसे देऊ नका. दुकानात बटण दाबून जे चालतं, तेवढ्याचेच पैसे.

५. मागच्या बाजूचा फोटो मागवा

समोरचा चकचकीत फोटो सगळे पाठवतात. मागचा मागवा आणि एवढं तपासा:

- यूएसबी: ऑडिओ क्लास २ (यूएसबीवरून उच्च दर्जाचा आवाज पाठवायचं प्रमाण) हवा. विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर २०१७ पासून आतच आहे. मॅक आणि लिनक्सला वेगळा लागत नाही.
- कोअ‍ॅक्सिअल: १९२ किलोहर्ट्झपर्यंत चालतो.
- ऑप्टिकल: बहुधा ९६ पर्यंत भरवशाचा. पण वीज वाहत नसल्यानं लॅपटॉपची घरघर आत येत नाही. निदान एक तरी असावाच.
- आउटपुट: आरसीएवर (साधं गोल सॉकेट) साधारण २ व्होल्ट, एक्सएलआरवर (तीन पिनांचं सॉकेट) ४.
- डिजिटल आउटपुट: स्ट्रीमर घेत असाल तर असलंच पाहिजे, नाहीतर पुढे वेगळा डॅक जोडता येणार नाही.

६. व्होल्टेज आणि अर्थिंग

जपानमधली यंत्रं १०० व्होल्टची, अमेरिकेतली १२० ची. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ओळखीतून स्वस्तात आलेली पेटी थेट प्लगमध्ये घातली आणि आतला ट्रान्सफॉर्मर १०० व्होल्टचा असला, तर धूर निघायला वेळ लागत नाही. मागे छापलेला आकडा स्वतः वाचा. काही पेट्यांत व्होल्टेज बदलायचं बटण असतं, काहींत ट्रान्सफॉर्मरच वेगळा असतो.

घरचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांत मीटरवर दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर डॅक घेण्याआधी ते काम करा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल, तर त्यावर ऑडिओ लावू नका. ट्रान्सफॉर्मर घुमतो आणि तापतो. प्युअर साइन वेव्ह असेल तर चालेल.

७. ऐकायला पुण्या-मुंबईला जा, पण तयारीनं

या किमतीची यंत्रं शेजारी शेजारी ठेवून ऐकायची सोय मला सांगलीत मिळाली नाही. पुण्याला किंवा मुंबईला जावं लागतं. वेळ आधी ठरवून घ्या आणि शनिवार-रविवार टाळा, गर्दीत ऐकणं होत नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी मिरजेत सतारमेकरांकडे एक चक्कर मारा. इथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण आपल्याला तिथे जायचं ते कानासाठी. एखादा जुळवलेला तानपुरा दहा मिनिटं ऐकू द्या म्हणून विनंती करा. तारेखालचा दोरा जरासा सरकवला की जव्हारी, म्हणजे तारेचा तो खास झंकार, कशी उघडते आणि मिटते, ते नीट ऐका. दुसऱ्या दिवशी दुकानात तानपुरा स्पष्ट ऐकू येणारं शांत मुद्रण लावा. तारेचा ठोका, मागून उमलणारी जव्हारी आणि भोपळ्याची गोलाई, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या कळतात का? की नुसता एक गुंजारव ऐकू येतो? ढोलताशा आणि बासच्या चाचणीत सगळेच डॅक पास होतात. तानपुरा मात्र फरक दाखवतो.

मोठा सापळा आवाजाच्या पातळीचा. दोन यंत्रांत एक जरासं मोठं वाजत असेल, तर आपल्याला तेच "चांगलं" वाटतं, प्रत्येकाला वाटतं. एक डॅक आरसीएवर आणि दुसरा एक्सएलआरवर जोडलेला असेल, तर साधारण ६ डेसिबलचा फरक तिथेच पडतो. म्हणून खिशात मल्टिमीटर ठेवा. १०० हर्ट्झचा सूर लावा, विक्रेत्याला विचारून स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा, पहिल्या यंत्रावर १ व्होल्ट आला तर दुसऱ्यावरही व्हॉल्यूम फिरवून १ व्होल्टच आणा. एक-दोन शतांशाचा फरक चालेल. मी पहिल्यांदा मीटर काढला तेव्हा विक्रेता जरा बिचकला, मग स्वतःच उत्सुकतेनं दुसरी जोडीही मोजायला लागला. त्या दिवशी तीन लाखांचा आणि ऐंशी हजारांचा डॅक एका पातळीवर ऐकले आणि मी ऐंशी हजारांचा घेऊन आलो. तुमचा कौल वेगळा असू शकतो, पण तो समान पातळीवर ऐकून द्या.

८. कागदपत्रं आणि सोबतच्या वस्तू

- जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर सीरियल नंबर लिहिलेला
- वॉरंटी भारतात कोण देणार याचं लेखी उत्तर (ईमेल चालेल)
- अपग्रेडबद्दल विक्रेत्यानं दिलेली उत्तरं, छापून
- परदेशातून मागवत असाल तर आधार-पॅनची केवायसी, मूळ बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा
- मल्टिमीटर, पेन ड्राइव्हवर स्वतःची पाच-सहा गाणी, चार्जर, वही

परदेशी संकेतस्थळावरची किंमत आणि घरात पडणारी किंमत यांत ड्यूटी, आयजीएसटी आणि कुरियरचा हाताळणी खर्च बसतो. तो सगळा मिळवून मगच इथल्या विक्रेत्याशी तुलना करा. वाय-फाय किंवा ब्लूटूथ असलेली यंत्रं वायरलेस परवानगीच्या प्रश्नावर अडकू शकतात, म्हणून आधी कुरियर कंपनीला विचारा.

पेटी अपग्रेडसाठी परदेशी पाठवायची वेळ आली, तर निघतानाच कस्टमची कागदपत्रं सीरियल नंबरसह नीट करून घ्या. नाहीतर परत येताना ती नवी खरेदी धरली जाण्याची भीती असते. हे काम विक्रेत्यामार्फत करा, एकट्यानं अंगावर घेऊ नका.

९. घरी आणल्यावर

पहिल्या आठवड्यात सगळे सॉकेट एकेकदा वापरून बघा, नको असलेलेसुद्धा. वॉरंटीत असताना बिघाड कळला तर बरा. चालू फर्मवेअरचा (यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) क्रमांक वहीत लिहा. अपडेट आलं की त्याच दिवशी घालू नका, दोन आठवडे थांबा, इतरांच्या अडचणी कळू द्या आणि लाइट जाणार नाही अशा वेळी घाला. अर्ध्यात वीज गेली तर पेटी बंद पडू शकते.

वळवाच्या पावसात गडगडायला लागलं की प्लग काढा आणि नेटची लॅन केबलही काढा. प्लग सगळे काढतात, केबल विसरतात आणि वीज राउटरमधून आत येते.

नदीकाठच्या भागात राहत असाल तर मांडणीची उंची आत्ताच ठरवा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. जमिनीलगतच्या देखण्या रॅकपेक्षा भिंतीतला पक्का कप्पा बरा. कुठली वायर कुठे जाते याचा फोटो फोनमध्ये ठेवा, म्हणजे घाईत सोडवलेली जोडणी नंतर पुन्हा लावता येते. पुरात भिजलेलं यंत्र वाळल्यासारखं दिसलं तरी चालू करून बघू नका, आधी तंत्रज्ञाकडे न्या.

मूळ खोकं आणि थर्माकोल फेकू नका. बोर्ड बदलायला पेटी पाठवताना किंवा विकताना तेच लागतात, बाहेर असं खोकं बनवून मिळत नाही. माळ्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर मे महिन्यात त्या बदला.